जात अनोळखी

अकरा पोती. काट्यावर चारशे बारा किलो.
मुद्देमालाच्या रकान्यात मी लिहिलं :
लाकडाचे तुकडे, साल निघालेले, जात अनोळखी.
साहेब म्हणाले, अनोळखी कोर्टात टिकत नाही.
म्हणून जीप गेली वरच्या धनगरवाड्यावर
आणि नवलू बोडके आले, घोंगडं मांडीवर घेऊन,
दाजीपूरच्या वळणांवर दोनदा ओकून.
जन्मभर ती वाट पायांनी उतरलेला माणूस.

मी कारकून. राधानगरीच्या रेंज ऑफिसात पेन माझ्याकडे.

त्यांनी आधी पाणी मागितलं. चूळ भरली.
साहेबांना म्हणाले, "अत्तर लावलायसा, जरा लांब ऱ्हावा."
साहेब लांब राहिले.
मग एक ढलपी उचलली, नखानं खरवडली,
डोळे मिटून नाकाशी धरली
आणि तोंड असं केलं, जसं कुणी जुनं देणं आठवून दिलं.
"नरक्या."
कशावरून?
"नरकात गेलाय काय हितलं कुणी? मंग तुमास्नी कसा ठावा आसंल वास."

कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते ढीग लावत बसले.
ह्यो वढ्याकाठचा, ह्येला पानी लागलंय.
ह्यो सड्याखालचा.
ह्यो पोरगा हाय अजून, मनगटाएवढा सुदीक न्हाई.
शेवटच्या पोत्याशी थांबले. फार वेळ.
"ह्यो आमच्या वाड्यामागला."
कोण तोडतंय, साहेबांनी विचारलं.
"कुराडीला वास नस्तोय, सायेब."
वाड्यावर भाच्याची नवी मोटारसायकल उभी होती, ड्रायव्हरनं पाहिलेली.
मी लिहिलं : साक्षीदारास माहिती नाही.

चहा पिताना विचारलं, हे कशावर चालतं?
बशीत फुंकर मारत म्हणाले,
मुरडा आला की कुडा.
लेकराची छाती भरली तर भारंगीचं मूळ, पर उकरायच्या आदी...
आणि गप्प.
आधी काय?
"मागायचं आस्तंय."
काय म्हणून मागायचं, ते सांगितलं नाही.
"आन् ह्यो? ह्यो कशालाच न्हाई.
शेरडं तोंड लावत न्हाईत. आमी त्येला, त्यो आमाला
वाट दिऊन ऱ्हायलो.
कशालाच नव्हता, म्हून तर ऱ्हायला हुता."

सात रुपये किलोनं जात होतं म्हणे.
पुढं कुठं, कितीनं, ते रकान्यात नव्हतं.

पोती अजून डेपोत आहेत. तारखा पडतात.
दोन पोत्यांना वाळवी लागली, त्याचा वेगळा पंचनामा मीच केला.
नवलू बोडके साक्षीला यायचे होते मार्गशीर्षात.
समन्स परत आलं, पाठीवर शेरा : इसम मयत.

आणि आता कोल्हापूर, तिसरा मजला, खाट नंबर नऊ.
अक्काची शीर सापडत नाही, नर्स हातावर टिचक्या मारते.
वर बाटली. फिकट पिवळं.
डॉक्टर पोरगाच आहे, उत्साहानं सांगतो :
हे औषध मुळात एका झाडातून आलंय काका,
तुमच्याच बाजूच्या जंगलात असतं म्हणे.
मी बिलाकडं बघतो. मिलिलिटरचा हिशोब आहे.
किलोत करून पाहतो. जमत नाही.

तो गेल्यावर उठून बाटलीच्या बुचाशी नाक नेलं.
स्पिरिट. दुसरं काही नाही.
ओढा नाही, सडा नाही,
मनगटाएवढं सुद्धा काही नाही.
वाड्यामागचं त्यात आहे की नाही, हे सांगणारं नाक
समन्ससोबत संपलं.

थेंब पडायला लागले.
आधी मागायचं असतं.
शब्द माहीत नव्हते, मी नुसते ओठ हलवले,
झाडाकडं की नवलूकडं की भाच्याकडं, कोण जाणे.

अक्कानं डोळे उघडले. "काय पुटपुटायलास?"
काही नाही म्हटलं.
पोती मोजत होतो.