काठ

आधी काठ गेले.
चादरीवरचा मोर नीट दिसायचा, मधोमध,
पण शेजारच्या मागावरचा राजेशम
हाक मारल्याशिवाय सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर डोळा काढला.
"आत पाणी तुंबलंय, मामा. थेंब झाले, लेझर झालं,
आता वरच्या पापणीआड बारीक मोरी काढू.
नाहीच टिकली, तर नळी बसवू."

मला हसूच आलं.
आमच्या गल्लीत पाणी चौथ्या दिवशी,
रात्री दोनला उठून बायको घागरी मांडते,
आणि तुंबायला जागा सापडली ती इथं!

"आणि गेलेले काठ?"
"ते नाही येत. उरलंय तेवढं राखायचं."

तुटला धागा सांधण्यात जन्म गेला माझा,
बोटाला थुंकी लावून, बोलता बोलता.
हा एक सांधत नाही म्हणे.

पट्टी सुटली त्या सकाळी
नरसव्वा समोर बसलेली, मांडीवर सूप, सुपात विड्या.
मी मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे,
थान तपासताना नेतो तशी,
आणि तुकड्यातुकड्यानं
ती सगळी पाहून घेतली.