पाणीवही

आमच्याकडे पाऊस पडत नाही.
माझी मुलगी बावीस वर्षांची झाली,
छत्री तिनं फक्त टीव्हीत पाहिलीय.
जून लागला की समुद्रावरून धुकं चढतं
आणि लिमाच्या या शेवटच्या टेकडीवर
कडी न वाजवता आत येऊन बसतं.
अंथरूण ओलं, मीठ ओलं, काडेपेटी ओली,
पिंप तेवढं ठणठणीत कोरडं.

पिंपभर पाण्याला टँकरवाला चार सोल घेतो.
खाली, भिंतीपलीकडे,
हिरवळीवर रात्रभर फवारे फिरतात.
तिथल्या लाद्या मी बारा वर्षं पुसल्या.
तिथं पाणी नळाला येतं, आणि स्वस्त येतं.
हा हिशेब मी कितीदा मांडला.
बेरीज चुकत नव्हती,
चूक मांडणाऱ्याची होती, आणि तो मी नव्हते.

पाण्याच्या कचेरीतला चष्मेवाला म्हणाला,
"बाई, तुमची टेकडी नकाशात नाही."
मग मी रोज उतरते ती कुठून?
त्यानं शिक्का शोधला. सापडला नाही.
"सोमवारी या."
सोमवार आले. सात की आठ.

मग फ्लोरेन्सियानं जाळी आणली,
रोपवाटिकेतली, काळी, टाकून दिलेली.
दोन बांबू, मध्ये जाळी, खाली पन्हळ.
तेओदोसिओ हसला,
"बायका आता हवा गाळणार!"
तो वांकावेलिकाचा. त्याच्या गावी
पाणी डोंगरावरून उड्या मारत येतं.
त्याला हसायचा हक्क होता.

पहिल्या रात्री वाऱ्यानं जाळी फाडली.
दुसऱ्या रात्री आम्ही ती कोळ्यांच्या दोऱ्यानं शिवली.
तिसऱ्या रात्रीची नोंद वहीत आहे:
जमा, दीड बादली.
वास, प्लॅस्टिकचा.
शेरा, तेओदोसिओ पहाटे बघून गेला.
त्याला वाटलं कुणी पाहिलं नाही.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
ज्यांच्याकडे तळं आहे त्यांची ही म्हण.
आमचं पिंप साचतं,
तेही बुडाला चिंधी कोंबल्यावर.

पहिलं भांडण लगेच झालं:
आधी कुणाला?
सगळे एकदम बोलत होते,
आणि येसिकाचं बाळ रडलं, अकरा दिवसांचं.
कुणी ठराव मांडला नाही, हात वर केले नाहीत.
बादली आपोआप तिच्या दाराकडे निघाली.
त्या दिवशी मी वहीत पहिल्यांदा
"आपण" असा शब्द लिहिला.

आता जाळ्या सव्वीस आहेत.
हे पाणी पिता येत नाही, हेही लिहून ठेवते.
लंगोट धुता येतात, सॅलडची पानं वाढवता येतात,
ताराची रोपं जगवता येतात. एकोणीस लावली,
बकऱ्यांनी सहा खाल्ली.
पिण्यासाठी टँकरच.
म्हणून सोमवारी आम्ही अजून जातो,
आता तिसेकजण, एकच वही घेऊन.
परवा चष्मेवाल्यानं ती उलटून पाहिली.
बराच वेळ पाहिली.
"हे रोज कोण लिहितं?"
शिक्का या वेळीही सापडला नाही,
पण त्यानं बसायला खुर्ची दिली,
आणि आम्ही तीसजण त्या एका खुर्चीकडे बघत उभे राहिलो.

पहाटे चार. तीनशे बारा पायऱ्या.
दोनशेनंतर गुडघा बोलायला लागतो,
मीही त्याच्याशी बोलते.
वर पोचल्यावर शहर दिसत नाही,
भिंतही दिसत नाही.
धुकं दोन्ही बाजूंना सारखंच.
फक्त जाळीतून टप टप,
कुणी घाईत नसल्यासारखी.

सातव्या जाळीखाली, जिथं पन्हळ गळते
आणि मी दुरुस्त करायचं टाळत आलेय,
दगडाच्या फटीत पिवळं फूल आलंय. आमांकाएस.
कुणी लावलेलं नाही.
माझी आई सांगायची, पूर्वी टेकड्या यानं पिवळ्या व्हायच्या.
मला ते आईचं कौतुकाचं खोटं वाटायचं.

पन्हळ आता दुरुस्त करू की नको?
अर्धा लिटर रोजचा जातो.
आजची नोंद राहिलीय.
पेन्सिल ओली झालीय, उमटत नाही.
फुंकर घालतेय.