कुशीवर

तो चमचा अजून फळीवरच आहे.
मधोमध खळगा, दाताचा.
पहिल्या वेळी मीच घातला होता तो
साचीच्या तोंडात,
जीभ गिळेल म्हणून.
जीभ कुणी गिळत नाही, हे मला
दुधाचा अर्धा दात तळहातावर आल्यावर कळलं.

त्या रात्री तारामुंबरीतलं जवळपास प्रत्येक घर
काहीतरी घेऊन धावत आलं होतं.
फोडलेला कांदा. चप्पल.
कुणी लोखंडी किल्ली तिच्या मुठीत कोंबत होतं,
कुणी ओठांना पाणी लावत होतं.
आणि मी, वीस वाव नांगराचा दोर एकट्यानं ओढणारा,
तिचे गुडघे दाबून बसलो होतो,
जणू ती बोटीवरून पडणार होती.

उपकेंद्रातल्या मुणगेकर सिस्टर ओरडल्या नाहीत.
म्हणाल्या, "हात तुमचे कामाचे आसत,
पण हंय तेंका काम नाय."
मग खांद्याला धरून मलाच आडवं केलं बाकावर,
कुशीवर, वरचा गुडघा पुढे,
गाल खाली कलता.
"अशी. लाळ भायर येवक व्हयी."
दारात पोरं हसत होती.
मी लाजलो, पण पडून राहिलो.

दुसऱ्यांदा आली ती भर दुपारी.
अंगणात जवळा पसरलेला,
तिच्या अंगात कालपासूनचा ताप.
चेंडू उचलायला वाकली
आणि पडली तिथेच. डोळे वर.
मग हातपाय.

मी चटईवरचा दगड लाथेनं दूर केला,
माशांचे खोकेही.
टॉवेलची घडी डोक्याखाली,
फ्रॉकचं वरचं बटण मोकळं.
कुशीवर.
आणि नंतर काही नाही.
हे 'काही नाही' करणं
वादळात सुकाणू धरण्याहून जड होतं.
फक्त पाठीमागे तळवा टेकवून ठेवला,
उलटी होऊ नये इतपत,
तिच्या अंगानं हवं तसं हलावं इतपत.

"चमचो हाडा रे!" कुंपणापलीकडून शांताराम तांडेल.
"नको," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी.
"माणसां लांब करा. वारो लागू दे तेका."

सुगंधा फोनच्या घड्याळाकडे बघत उभी होती.
एकशे आठ आधीच टाइप केलेलं,
अंगठा बटणावर.
पाच मिनिटं झाली की दाबायचं, ठरलेलं.
"एक," ती म्हणाली.
बराच वेळ काही बोलली नाही.
"दोन."
इतकं लांब मिनिट मी समुद्रावरही बघितलं नव्हतं.

दोन मिनिटं चाळीस सेकंद.
मग एक मोठा श्वास, आणि घोरणं,
दारू प्यायलेल्या खलाशासारखं.
पाणी नको, पूर्ण जागी होईपर्यंत.
नाव घेत राहिलो हळूहळू.
रिक्षा सांगितली; ताप कशाचा, ते डॉक्टर बघतील.

तिच्या गालाला जवळ्याचे चार दाणे चिकटले होते.
कावळ्यांनी तेवढ्यात अर्धी चटई साफ केली.
आणि चेंडू गडगडत खाडीत गेला होता, ओहोटीबरोबर.
जागी झाल्यावर ती आधी तोच मागणार,
आणि काय सांगायचं
ते मात्र सिस्टरनी शिकवलं नव्हतं.