चौथं अंजीर

सप्टेंबर सरत आलाय टोरांटोत,
उन्हाला आता धार नाही.
मागच्या अंगणात, गॅरेजच्या भिंतीशी
इलारिओ चार अंजिरं चिरतो,
ज्या सुरीनं आयुष्यभर वायरी सोलल्या, तिनंच.

पहिलं काळं. जाड सालीचं, तळाशी मधाचा थेंब,
चव जॅमसारखी, जरा जास्तच लाडात आलेली.
"हे बँकेतल्या माणसाला द्यावं," नुन्झियाता म्हणते.
दुसरं हिरवं, पिकूनही हिरवंच;
पक्षीसुद्धा फसतात.
आत मात्र लालभडक, आणि शेवटी जिभेवर
किंचित आंबट,
भांडण मिटल्यावर उरतं तेवढंच.
तिसरं पावसानं फुटलंय. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

चौथ्याला नाव नाही.
इलारिओच्या बापानं कोटाच्या बाहीत लपवून
जहाजातून आणलेली एक काडी, एकसष्ट साली.
दर नोव्हेंबरात झाड वाकवून
खड्ड्यात निजवायचं,
वर फळ्या, जुना गालिचा, माती;
एप्रिलमध्ये भीत भीत उकरायचं.
असे साठाहून जास्त हिवाळे.
फळ बारीक, फिकट. बियाच फार.

मी भाडेकरू, मला खरं बोलायला हरकत नव्हती:
हिरवं सगळ्यात चांगलं.
इलारिओनं मान हलवली. त्यालाही ठाऊक होतं.
नुन्झियातानं चौथ्याची साल दातांनी खरवडली,
बोटं एप्रनला पुसली
आणि म्हणाली,
"गोड नाहीच मेलं. कधीच नव्हतं.
यंदा खड्डा जरा खोल खण."