तिळाएवढं

नवा ब्रिज बसवून आज सव्वीस दिवस झाले
आणि हिरडी अजून त्याला घरात घ्यायला तयार नाही.
सकाळी बेसिनमध्ये थुंकते,
गुलाबी.
रात्री थुंकते,
जरा जास्त गुलाबी.
उशीला वास येतो ओल्या नाण्यांचा.

वरचा, उजवीकडचा, हसताना दिसणारा दात
गेला त्याला अकरा वर्षं झाली.
त्या जागी जीभ जाऊन बसायची,
रिकाम्या खुर्चीत मांजर बसावं तशी.
मला सवय होती. बाद्रीला नव्हती.
पोलंडच्या मांसाच्या कारखान्यातून त्याने पैसे पाठवले:
आई, हसताना हात तोंडावर नेऊ नकोस.

मग शेजारचे दोन धडधाकट दात
घासून घासून खिळ्याएवढे केले.
नसलेल्याला टांगायचं
तर असलेल्यांनी झिजायचं.
यात मला नवीन काही वाटलं नाही.

बावीस वर्षं मी चिआतुरात रोपवे चालवला.
खाली क्विरिला, खाणीचं पाणी पिऊन काळी झालेली,
वर पत्र्याची केबिन, तीत आठ माणसं, कधी एखादी शेळी.
पाहुणे हमखास विचारायचे,
तार मधेच तुटली तर?
मधे काही तुटत नसतं. मधे नुसती हवा असते.
झाउरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
लामारा, दरीकडे बघू नकोस,
तार लोखंडात शिरते ना, तिथे बोट फिरव.
गंज कडेला धरतो.

आता आरशासमोर तेच बोट.
खोटा दात ठीक आहे,
आमच्या सगळ्यांपेक्षा गोरा.
मागच्या खांबाच्या पायथ्याशी मात्र
डाळिंबाच्या दाण्यासारखं टच्च फुगलंय,
आणि दाबलं की
डोळ्यातून पाणी.

डॉक्टर थेओना म्हणाली, वेळ द्या.
मिठाच्या गुळण्या करा, ब्रिजखालून दोरा ओवा.
चष्मा लावून ओवला.
अक्रोडाचा कण निघाला, कोथिंबिरीची काडी निघाली,
दुखणं निघालं नाही.
फोनवर बाद्री म्हणाला, हसून दाखव.
दाखवलं.
आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला,
असं म्हणणार होते,
पण हे कुठे आपले,
हप्त्यावरचे आहेत.

आज पुन्हा गेले. म्हटलं, पोरी,
मधे बघू नकोस. कडेला बघ. हिरडीच्या आत.
ती जरा थबकली. पायाने दिवा खाली ओढला
आणि बारीक आकडी आत घातली.
मी छतावरचा डाग मोजत राहिले.
एकच होता, तरी मोजत राहिले.

ट्रेमध्ये टक्कन काहीतरी पडलं.

सिमेंट.
चिकटवताना उरलेलं, खाली दडून बसलेलं.
तिळाएवढं.
आणि त्या तिळापायी सव्वीस रात्री.
ती कानापर्यंत लाल झाली.
माझ्या हातात कापूस देत म्हणाली,
तुम्ही दवाखान्यात होतात का कधी?
नाही गं. ऑपरेटर होते.

घरी येताना नव्या केबिनमध्ये बसले, काचेच्या.
दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, आपसूक.
तिथला पोरगा म्हणाला, आजी, हात लावू नका.
बरोबर आहे त्याचं.
बोट स्वच्छच निघालं.

रात्री जीभ सवयीने त्या खुर्चीपाशी गेली,
कुणीतरी बसलेलं बघून परत फिरली.
थुंकले.
अजून गुलाबी.
आठ दिवस लागतील म्हणालीय थेओना.
गंजाला मी बावीस वर्षं दिली,
आठ दिवसांचं काय.