जिभेवरचं लाकूड

ओसियेक शहरात, द्रावा नदीच्या काठी,
लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर
मी घासायचं यंत्र चढवते,
एकेका पायरीवर दम खात.
सत्त्याऐंशी किलो. माझ्याहून वीस जास्त.
आतून कुणीतरी म्हणतं, "अरे, बाई आलीय."
मी यागोदा. लाकडी जमिनी घासते.
बाई आलीय, हे खरंच आहे.

दारात क्रेशो, मांदाबाईंचा भाचा,
हातात लॅमिनेटचा नमुना:
ओकचा फोटो छापलेला कागद,
वर प्लास्टिकची साय,
पंधरा वर्षांची हमी.
त्यातली गाठ दर चौथ्या फळीवर
जशीच्या तशी परत येते,
एकच झाड पुन्हा पुन्हा तोडल्यासारखी.

मी कोपऱ्यातून लिनोलियम सोलते.
खाली माशाच्या काट्यासारखी मांडलेली ओकची पट्टी,
धुळीनं आणि जुन्या गोंदानं आंधळी झालेली.
एक उचकटून उजेडात धरते.
इकडे जीभ, तिकडे खाच,
आणि जिभेच्या वर अजून पाच मिलिमीटर.
शेवटचे दोन धरू नका, तिथे खिळे भेटतात.
उरले तीन.
एका घासणीला अर्धा जातो,
वीस वर्षांतून एकदा घासायचं.
करा हिशेब, मी क्रेशोला म्हणते.
तो फोनकडे बघतो.
मांदाबाई बोटांवर करतात: "एकशेवीस."
"रानात किती उभं होतं?"
साधारण तेवढंच, मी म्हणते.
"म्हणजे जितकं उभं, तितकंच अजून आडवं."

बाई भूगोल शिकवायच्या.
स्पाच्वाच्या रानात दरवर्षी सहल न्यायच्या,
ओकचे पाय चिखलात, पोरांचेही.
आणि दरवर्षी परीक्षेत एकच प्रश्न:
लाकडाला वजन कुठून येतं?
सगळे लिहायचे, मातीतून.
"हवेतून, बाळांनो. झाड हवा खाऊन जाड होतं."
त्या पायानं पट्टी दाबतात.
"ही सगळी खाल्लेली हवा.
सडू दिली नाही, जाळली नाही,
तर इथंच पडून राहते."

खिडकीपाशी मात्र सिमेंट. करडा चौकोन.
इथं काय झालं, मी विचारते.
बाई क्रेशोकडे बघतात. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.
"एक्क्याण्णवचा हिवाळा.
वीज नव्हती. खिडकीला काच नव्हती.
शेजारणीच्या तान्ह्याला दूध कोमट करायचं होतं.
बावीस पट्ट्या, मोजून.
फार छान जळाल्या.
तेविसावी उचकटली आणि परत ठेवली.
का, ते नाही आठवत."

क्रेशो नमुना भिंतीला टेकवून ठेवतो.

माझ्या गाडीत पाडलेल्या एका शाळेचा ओक आहे,
त्यातून बावीस निवडते.
रंग जुळत नाही. दोन-तीन उन्हाळे जातील,
मग ऊन त्यांना समजावेल.

मी जंगल वाचवते असं कुणी म्हणू नये.
माझं यंत्र वीज पितं, गाडी डिझेल पिते,
तेलाचा डबा दुसऱ्या देशातून येतो.
मी फक्त जे आहे ते टाकू देत नाही.
तेवढ्यानं त्या रानात एखादं झाड
आणखी एक पावसाळा उभं राहत असेल,
किंवा नसेलही; मला कुणी कळवलेलं नाही.

संध्याकाळी पिशवीत भुसा, मऊ, गव्हाच्या कणकेसारखा.
खोलीभर आंबट, व्हिनेगरसारखा वास:
ओकला इतक्या वर्षांनीही तोंड उघडलं की
पहिला शब्द तोच सुचतो.

यंत्र खिडकीकडे वळवते, तेवढ्यात बाई आडव्या येतात.
"तेविसावी नका घासू."
अर्धा मिलिमीटर वर राहील, मी म्हणते. अडखळाल.
"अडखळेन."

मी तिच्या चारी बाजूंनी हातानं घासते,
गुडघ्यांवर, बारीक कागदानं.
उजेड जातो तरी काम संपत नाही.
बाई सपाता काढून ठेवतात
आणि अनवाणी येऊन बघतात,
लागतेय का.