नामानिराळी

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
सगळे घरी गेलेत. शीतकपाट तेवढं गुरगुरतंय,
किंगसेपांच्या अनुदानातून आलेलं.
आणि पडद्यावर तपासायला आलाय तो निबंधही
बहुधा त्यांचाच. लेखकाचं नाव झाकलंय,
पण पहिल्याच परिच्छेदात ‘निःसंशय’ तीनदा.
या गावात इतकं निःसंशय दुसरं कोणी नाही.

रक्तदाबाची नवी गोळी. नोंदवलेले रुग्ण चारशे बारा.
चौथ्या तक्त्यात तीनशे सत्त्याण्णव.
पुन्हा मोजले. मग कागदावर, पेन्सिलीनं.
पंधरा माणसं दोन पानांच्या मधेच कुठे गळाली?
चक्कर येऊन जिन्यावर पडली,
की नुसतीच कंटाळली फेऱ्यांना?
एक ओळ नाही.
त्यांनाही नावं नव्हती, क्रमांक होते;
त्यांच्याच भल्यासाठी झाकलेली नावं.

तळाशी एक चौकोन:
लेखकाला तुमचं नाव कळवायचं का?
माझी नेमणूक मार्चपर्यंत. पुढचं ठरवणाऱ्या समितीत किंगसेप.
मारेटचे हिवाळी बूट यंदाही लहान झालेत.
चौकोन रिकामा सोडला.

चार वर्षांपूर्वी माझ्याही निबंधावर
असाच एक निनावी शेरा आला होता:
‘लेखिकेने आकडेमोड सोडून विणकाम करावे.’
नऊ महिने निबंध अडकून पडला,
तोवर तीच कल्पना दुसऱ्याच कोणाच्या नावानं छापून आली.
नाव न लिहिता नावं ठेवणारा तो कोण,
कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.
ज्याला कोणाचीच भीती नाही
त्याला कशाला हवा होता पडदा?

म्हणून एवढं पथ्य पाळलं:
ज्या वाक्याखाली सही करताना लाज वाटेल, ते खोडायचं.
दोन खोडली. त्यातलं एक फार छान जमलं होतं.
उरला तो प्रश्न: पंधरा जण कुठे आहेत?

फेब्रुवारी. साय भरलेले गोड पाव खायचा मंगळवार.
विभागातले सगळे एका टेबलाभोवती.
किंगसेप मिशीवरची साय पुसत म्हणाले,
“ते पंधरा जणांचं खुसपट रोओसारनं काढलं.
त्याची भाषा मी ओळखतो. निःसंशय.”
कोणी हसलं. कोणी कॉफी ओतली.

इंद्रेक रोओसार तेव्हा खाली वॉर्डात होता.
उन्हाळ्यातल्या चाचणीच्या यादीतून
त्याचं नाव गळाल्याचं मला सकाळीच कळलं होतं.
त्याला का गळालं ते कळलं नव्हतं.
माझ्या चौकोनात त्याचं नाव भरलं गेलं होतं,
मी हात न लावता.

किंगसेपांनी माझ्याकडे पाहिलं.
“बोल ना लेलो, काहीतरी म्हणणार होतीस.”
तोंडात घास होता.
तो गिळेपर्यंतच मला
नामानिराळं राहता येणार होतं.